एक दगड, एक लोणी

त्यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी डोळे दाबून घ्यावे लागत. माणूस चपला काढून ओट्यावर टेकला रे टेकला की मास्तर पुढ्यात येऊन उभे. "डोळे मीट. खाली पाह्य. मान नाही बे, नजर खाली." मग त्यांच्या दोन्ही तर्जन्या आपल्या पापणीवर येत. एक बोट दाबायचं आणि दुसरं अंदाज घ्यायचं, अशी त्यांची पाळी चाले. बोटांना खडूचा वास यायचा. मग निकाल लागायचा. "पक्का आहे. बस आता." दूधवाला असो की शाळा तपासायला आलेले साहेब असोत, यातून कोणाची सुटका नव्हती. मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, भाच्याची सोयरीक जुळवायला लोक आले, तेव्हा त्यांनी नवरीच्या बापाचेही डोळे दाबले होते. ती सोयरीक मोडता मोडता वाचली.

ते पांढुर्ण्याला आमच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर होते. मी तिथे इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. सौंसरकडच्या एका खेड्यात आमची संत्र्याची झाडं होती आणि थोडी कपाशी. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगत असे, आणि आजही सांगतो. लपवायचं काय त्यात? मास्तरांनी पहिल्याच दिवशी ते ऐकलं आणि माझं बारशाचं नाव कायमचं पुसून टाकलं. "काय बी.ए., जेवलास?" "बी.ए., तुह्या धोतराचा काष्टा पाह्य, जमिनीवर झाडू मारून राहिला." ते स्वतः मॅट्रिक नापास होते आणि तेही लपवत नसत. "तुह्या हातात कागद आहे, माह्या हातात रेघ आहे," असं म्हणायचे.

रेघ खरंच होती. फळ्याच्या एका टोकाला खडू टेकवायचा, श्वास रोखायचा आणि दुसऱ्या टोकाला नेऊनच सोडायचा. हातात फूटपट्टी नाही की दोरी नाही. पोरं उठून रेघेला पट्टी लावून पाहत, तर मधून दोरा जायचा नाही. नकाशाही ते असाच काढत. आमच्या राज्याचा नकाशा वरून सुरू करून खडू न उचलता फिरवून आणत, आणि शेवटी मधोमध ठिपका देऊन म्हणत, "हे नागपूर. राजधानी. इथून आपण हाकेवर आहो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाच त्यांचा उजवा डोळा गेलेला होता. काचबिंदू. त्यांच्या वडिलांचे दोन्ही डोळे त्यानेच गेले होते. मास्तर हा आजार एखादं चित्र समजवावं तसा समजावत. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं. त्याला बाहेर जायला वाट राहिली नाही की दाब वाढतो, डोळा कडक होतो आणि मागची नस मरते. "दाबून पाह्य," म्हणत त्यांनी एकदा माझं बोट ओढून स्वतःच्या उजव्या पापणीवर ठेवलं. पापणीखाली गोटी होती. मी हात मागे घेतला.

"घाबरला बे. आता हा पाह्य."

डाव्या पापणीखाली बोट आपसूक आत गेलं. तिथे काही धरून ठेवणारं नव्हतंच.

या डाव्याचीही तीच वाट सुरू झाली होती. तेव्हा काकूंनी त्यांना नागपूरला नेलं होतं. काकूंचं माहेर नागपूरचं. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्या डॉक्टरांनी बुबुळाच्या वरच्या अंगाला बारीकशी खिडकी पाडून दिली, म्हणजे पाणी झिरपून जावं. डोळे दाबायची रीत मास्तर त्या डॉक्टरांकडूनच शिकून आले. रोज सकाळी तोंड धुतलं की ओट्यावर बसून स्वतःचे दोन्ही डोळे दाबत आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत, "हा दगड. हा लोणी." लोणी म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, ते लोकांच्या चेहऱ्यावर मी पोराचा पाळणा हलवतानाच पाहिलं आहे. एकच डोळा उरलेला होता आणि तो नरम होता. याहून जास्त त्यांना काही नको होतं.

तो डोळा ते जपायचेही तसाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्या दिवशी मास्तर दाराला आतून कडी घालून माजघरात पितळेची परात डोक्यावर धरून बसत. काकू म्हणायच्या, "नदी इथून कितीक दूर आहे! दगड काय रस्ता विचारत येते?" मास्तर परातीखालून म्हणायचे, "तुले दोन आहेत. तू बोलशील."

मग छप्पन सालचा नोव्हेंबर आला. भाषेवरून राज्यं झाली आणि आमची भाषा मराठी असूनही आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. नागपूर आणि सगळा विदर्भ दुसऱ्या राज्यात गेला. आमची राजधानी भोपाळ झाली. भोपाळ आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. शाळेत हिंदीतून हुकूम येऊ लागले. लोक चार दिवस बोलले आणि कामाला लागले, कारण संत्रं काय, कापूस काय, जायचं नागपूरलाच होतं आणि जातच राहिलं.

मास्तरांना मात्र ते लागलं. आणि त्यांचा राग दिल्लीवर नव्हता, भोपाळवरही नव्हता. "दिल्लीनं रेघ मारली, तिचं कामच ते. भोपाळनं घेतलं, देणाऱ्यानं दिलं म्हणून घेतलं," त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. "पण नागपूरनं मागं वळून पाह्यलं नाही. आपला माणूस फलाटावर राहिला आणि हे डब्यात बसून चाललं गेलं. मी आता त्या गावात पाय ठेवणार नाही."

"मास्तर, डोळा दाखवायला जावं लागते तुम्हाला," मी म्हणालो.

"कायले? लोणी आहे लोणी. दगड झाला तर धावत या म्हणले होते डॉक्टर. झाला का दगड?"

लोकांना वाटलं, चार महिन्यांत विसरतील. पण त्यांनी नागपूरचा पेपर बंद केला. नागपूरची छत्री मोडली तर दुरुस्त केली नाही, फेकून दिली. काकूंच्या भावाकडे लग्न निघालं, तेव्हा काकूंना शेजारच्या बाईसोबत पाठवलं आणि स्वतः तीन दिवस चुरमुरे खाऊन राहिले. वर्ष गेलं, दुसरं लागलं. वर्षातून एकदा डोळा दाखवायचा होता, तो कोणी पाहिलाच नाही.

त्यांच्या रेघेत पोट आलं आहे हे पहिल्यांदा पोरांच्या लक्षात आलं. पट्टी लावली तर मधून बोट जाऊ लागलं. मागच्या बाकावर हसू फुटलं आणि मास्तरांनी त्या बाकावरच्या सगळ्यांना झोडपलं. त्याआधी त्यांनी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. मग सुतार आला. मास्तरांचं म्हणणं, फळा वाकला आहे. सुतारानं ओळंबा लावून दाखवला. "ओळंबा वाकडा आहे तुह्यावाला," मास्तर म्हणाले. सुतार माझ्याकडे पाहून म्हणाला, "गुरुजी, ओळंबा कसा वाकडा होईल जी? दोरीच आहे ते."

भोपाळहून नव्या राज्याचा छापील नकाशा आला. तो दाखवायला एक साहेब आले होते. मास्तर नकाशाजवळ नाक नेऊन म्हणाले, "गलत छपा है। देखिए, लकीर हिल रही है।" साहेबांना वाटलं, सीमेचं बोलत आहेत. ते हसून म्हणाले, "मास्टरजी, सरहद तो टेढ़ी ही होती है।" पण मास्तरांचं बोट सीमेवर नव्हतं. नकाशाभोवती जी चौकट छापलेली असते, तिच्यावर होतं.

मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. त्या दिवशी रस्त्यातच मी त्यांना म्हणालो, "मास्तर, चौकट सरळ होती. तुमच्या डोळ्यात काहीतरी होऊन राहिलं आहे."

"डोळा नरम आहे."

"नरम असला म्हणून चांगला असते का? आमच्या बागेत संत्रं फार नरम लागलं तर बाबा बाजूला काढतात. साल सुटलेली असते, आतली फोड सुकलेली असते."

"डोळा म्हणजे तुह्या बापाचं संत्रं नोहे, बी.ए.," ते म्हणाले, आणि पंधरवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. दरम्यान छिंदवाड्याला काही कामानं गेले, तिथे एका डॉक्टरला डोळा दाखवून आले. त्यानंही बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, दबाव बिलकुल नाही, उत्तम आहे. ते वाक्य मास्तरांनी मला ऐकवायला म्हणून दुसऱ्या शिक्षकाला सांगितलं. काचबिंदूला सगळेच भीत. डोळा जास्तच मऊ पडला तर काय होतं, हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं.

मग तिगावचं झालं.

तिगाव पांढुर्ण्याजवळचंच स्टेशन. आमच्या एका शिक्षकाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, ते आटोपून आम्ही दोघं परतीच्या गाडीसाठी फलाटावर उभे होतो. दुपार होती. मास्तर रुळांकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांनी माझा हात घट्ट धरला. "बी.ए., रूळ पाह्य."

"काय झालं?"

"काय झालं काय? वाकले आहेत! ते पाह्य, सापासारखे होऊन पडले!"

मी पाहिलं. रूळ होते तसे होते. तेवढ्यात इटारसीकडून मालगाडीची शिट्टी झाली. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या खांद्यावरचा लाल काठाचा दुपट्टा ओढला आणि फलाटावरून खाली उडी मारली. एका डोळ्याचा माणूस, वय पन्नाशीपुढे, दोन रुळांच्या मधोमध उभा राहून दुपट्टा हलवत होता आणि बोंबलत होता, "थांबा! गाडी उलटेल! थांबा!" स्टेशनमास्तर धावले, हमाल धावले. गाडी स्टेशनात शिरायला हळू झालीच होती म्हणून ड्रायव्हरला थांबवता आली. ती त्यांच्यापासून फार लांब थांबली नाही.

स्टेशनमास्तर गुडघ्यावर बसले, रुळाला गाल लावून दूरवर पाहिलं आणि उठले. "रूळ सरळ आहेत, मास्तर."

"तुमाले दिसून नाही राहिले का? आंधळे आहा का सगळे?"

एक हमाल हसला. स्टेशनमास्तरांचा मुलगा आमच्या शाळेत होता, म्हणून त्यांनी पोलिसात दिलं नाही. मी मास्तरांना वर घेतलं, बाकावर बसवलं. ते पुन्हा पुन्हा उठायला पाहत होते. स्वतःसाठी नाही. त्यांच्या मते गाडी अजून त्या रुळांवरून जायची होती.

मी जवळ पडलेली एका हमालाची काठी उचलली आणि त्यांच्यासमोर उभी धरली. "ही कशी आहे?"

"वाकडी."

"तो सिग्नलचा खांब?"

"वाकडा."

"या बाकाची कड?"

कडेवरून त्यांनी हात फिरवायला सुरुवात केली. बसल्या बसल्या वाकून, हात पुरेल तितकं चाचपलं. हाताला ती सरळ लागली असणार. मालगाडी त्या रुळांवरून निघून गेली आणि तिचे सगळे डबे जाईपर्यंत मास्तरांनी मान वर केली नाही.

हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि ट्रंक बाहेर काढली. "नागपूर माझं माहेर आहे. ते कोण्या राज्यात आहे ते मले नको सांगा. मी उद्या चालली. यायचं असंल तर या, नाही तर भाकरी थापायले शिका."

"मी शब्द दिला आहे."

"कोणाले दिला? नागपूरले? त्याले माहीत तरी आहे का, तुम्ही रुसले म्हणून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो.

डॉक्टर आणखी म्हातारे झाले होते, पण त्यांनी ओळखलं. "इतकी वर्षं कुठे होतात?"

काकू म्हणाल्या, "राग आला होता जी ह्यायले."

"माझ्यावर?"

"नाही जी. नागपूरवर."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बोटं लावली, मग दिवा घेऊन आत बराच वेळ पाहिलं. नंतर आमच्याशी बोलले, पण पाहत होते मास्तरांकडे. खिडकीतून पाणी गरजेपेक्षा जास्त गळत राहिलं होतं. डोळ्याला आकार धरून राहायलाही थोडा दाब लागतो. तोच नव्हता, म्हणून डोळा आत बसला आणि मागचा पडदा चुरगळला. "चुरगळलेल्या कागदावर रेघ सरळ कशी येईल? तुम्ही ड्रॉइंगमास्तर, तुम्हाला मी काय सांगू? मी म्हणालो होतो, डोळा दगडासारखा लागला तरी धावत या आणि लोण्यासारखा लागला तरी धावत या."

मास्तर म्हणाले, "लोण्याचं मले आठवत नाही."

खिडकी लहान करायची ठरली. लवकर आले असते तर पडदा पूर्ण सपाट झाला असता, आता होईल तेवढा होईल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. ते मला आवडलं. टाके घातले, पट्टी बांधली. मी दर रविवारी जात होतो. पट्टी सुटली त्यानंतरच्या रविवारी मी दवाखान्यात शिरलो, तर मास्तर खाटेवर बसून खिडकीच्या गजांकडे पाहत होते. "बी.ए.! गज सरळ होऊन राहिले बे! दोन झाले. तिसऱ्यात थोडं पोट आहे." काकू तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

निघताना डॉक्टरांनी एकच बजावलं. डोळ्याला हात लावायचा नाही. काही महिने मुळीच नाही. दाबायचा तर नाहीच.

काकूंनी जुन्या धोतराच्या दोन पिशव्या शिवल्या. झोपताना मास्तरांचे हात त्यात घालून मनगटाशी नाडी बांधत. दिवसा समोर बसून राहत. मास्तर हात मांडीखाली दाबून बसायचे, आणि गल्लीतल्या लोकांना ते दिसायचं. सकाळची ती आरोळी बंद झाली होती. मला वाटतं, अंधाराला ते इतके भीत नव्हते. डोळा आत काय करून राहिला आहे हे कळत नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं.

एका सकाळी काकू विहिरीवर गेल्या. तेवढ्यात त्यांनी दाबून पाहिलं.

डोळा पक्का झाला होता. जसा असावा तसा. माझा असाच होता, दूधवाल्याचा असाच होता. हजार लोकांचे डोळे दाबून त्यांनी हाच निकाल दिला होता आणि लोकांना चहा पाजला होता. पण दुसऱ्याचा पक्का डोळा वेगळा आणि स्वतःचा वेगळा. त्यांचा उजवाही आधी पक्काच होता आणि मग दगड झाला होता. वडिलांचेही तसेच. बोटाखाली तो कडकपणा लागला आणि मास्तरांनी ठरवलं, पुन्हा सुरू झालं. काकू येईपर्यंत त्यांनी तो डोळा दाबला. मऊ होईपर्यंत दाबला. एकदा नाही, अनेक सकाळी. काकूंना कळलं तेव्हा उशीवर रक्त होतं.

आम्ही मिळेल ती गाडी पकडून पुन्हा नागपूरला गेलो. डॉक्टरांनी पट्टी काढली, पाहिलं, परत बांधली. काकूंनी काही विचारलं नाही. मास्तरांनी विचारलं, "नरम आहे ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "नरम आहे."

पुढे माझी सौंसरला बदली झाली. लग्न झालं, पोरं झाली, आणि पांढुर्ण्याला जाणं कमी होत गेलं. डोळा गेल्यावर मास्तरांना लवकर निवृत्त केलं होतं. ते कसे आहेत असं कोणी विचारलं तर मी "बरे आहेत" असं सांगत नसे. बरे नव्हते. घराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढत बसत. भिंत भरली की काकू चुन्याचा हात देत.

एकदा बसनं गेलो. ते ओट्यावरच होते. माझ्या चपलांच्या आवाजावरून म्हणाले, "बी.ए. आला."

मी शेजारी बसलो. मग त्यांनी विचारलं, "रूळ कसे आहेत बे?"

"सरळ आहेत."

"तू पाह्यले?"

"फाटकावर बस थांबली होती. उतरून पाहिले."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाले, "नागपूर?"

"आहे तिथंच आहे."

"असंल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "डोळे मीट. खाली पाह्य."

मी मिटले. त्यांची बोटं आली. खडूचा वास नव्हता, कोळशाचा होता. पूर्वी निकाल लगेच लागायचा, त्या दिवशी लागला नाही. बोटं अगदी हलकी ठेवलेली होती, दाबत जवळजवळ नव्हतीच.

"दगड नाही. लोणी नाही," ते म्हणाले. "तर डोळा असा असते."

बोटं तशीच पापणीवर राहिली.

"पाहत जा बी.ए. दाबत नको जाऊ."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. बोटं निघेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.